साखळीपलीकडचा मळा

त्या वर्षी गारा पडल्या तेव्हा सफरचंदं उतरवायला थोडेच दिवस उरले होते. दुपारी आभाळ काळंनिळं झालं, आणि मी अंगणातली पिल्लं खुराड्यात कोंडेपर्यंत अक्रोडाएवढ्या गारा छपरावर आपटायला लागल्या. सगळं झटक्यात आटोपलं. ऊन पडल्यावर बागेत गेलो तर झाडं उभी होती, फळंही बरीचशी जागेवर होती, पण एकेका फळावर देवीचे व्रण असावेत तसे खळगे.

आमच्या भागात सफरचंद पिकवणारा प्रत्येक जण माल घालायचा तो व्हिंकोच्या शीतगृहात. दुसरा घेणाराच नव्हता. जुनी सहकारी संस्था बुडाली तेव्हा तिच्या इमारती व्हिंकोने उचलल्या, आणि तेव्हापासून तो म्हणेल तो भाव. गारांनंतर त्याने निरोप धाडला की माल आणा, बघू.

त्याच्या आवारात ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आमच्या शेजारणीचा, तेझाचा ट्रॅक्टर सर्वांत पुढे, मग आमचा. माझा नवरा स्टिपान चालवत होता, मी बाजूला बसले होते. व्हिंको आला, तेझाच्या ट्रॉलीतलं एक फळ उचललं, खळग्यात अंगठा घातला आणि म्हणाला, "रसाला."

रसाला म्हणजे फुकटच. तेझा म्हणाली, एकदा चाखून तरी बघा.

"चव कोण विकत घेतं, तेझा? गिऱ्हाईक डोळ्यांनी घेतं." मग मागच्या रांगेकडे बघत तो जरा मोठ्याने म्हणाला, "घरात पुरुषमाणूस असता तर बागेवर जाळी तरी घातली असती."

दोघंतिघं हसले. बागेवर जाळी त्यांच्यापैकी कुणाकडेही नव्हती, आमच्याकडेही नव्हती. स्टिपान आपल्या बुटांकडे बघत बसला. तेझाने व्हिंकोच्या हातातलं फळ काढून घेतलं, अ‍ॅप्रनला पुसलं, परत क्रेटमध्ये ठेवलं आणि ट्रॅक्टर सुरू केला. आवार अरुंद होतं. भरलेली ट्रॉली तिथे वळवायची तर मागच्या सगळ्यांना मागे सरकावं लागणार होतं. ती थांबली नाही. वळत राहिली, आणि एकामागून एक सगळ्यांना फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत आपापल्या गाड्या मागे घ्याव्या लागल्या. ज्यांनी दात काढले होते त्यांनाही.

मी ओरडून विचारलं, "कुठे नेतेस?"

"घरी," ती म्हणाली.

तेझा आणि मी लहानपणापासून शेजारणी. मळ्यातल्या घराला आमच्याकडे सलाश म्हणतात. तिच्या वडिलांचा सलाश आणि माझ्या आईचं काट्यांचं रान, दोन्ही पाठीला पाठ लावून आहेत. तिचा नवरा जर्मनीत कामाला गेला होता. पहिले दोन उन्हाळे आला, मग तिलाच तिकडे बोलवायला लागला. ती गेली नाही. म्हणाली, मी इथे राहते, तू ये. तोही आला नाही. मुलगी नेवेंका तेव्हा शाळेत होती. गावात सगळे म्हणायचे की तेझाला अहंकार नडला. मी म्हणायचे की तिला माती सोडवत नाही. ती स्वतः काहीच म्हणायची नाही, कारण तिला वेळ नसायचा.

त्या दिवशी घरी आल्यावर तिने डुकरांच्या जुन्या गोठ्याचं दार बिजागरीतून उखडलं, त्यावर चुना फासला आणि काळ्या रंगाने लिहिलं: गारांनी मारलेली सफरचंदं. गोडी शाबूत आहे. पालिचच्या तळ्याकडे जाणाऱ्या मोठ्या रस्त्यावर तिची वाट फुटते, तिथे ते दार रोवलं.

तिचा धाकटा भाऊ आल्बे शहरात राहायचा. रस्त्याकडचा तुकडा वडिलांनी त्याच्या नावे केला होता, घर आणि बाग तेझाच्या. वाट जायची ती आल्बेच्या मक्यातून. त्याने फलक पाहिला आणि पोट धरून हसला. म्हणाला, "ताई, माणूस आपल्या मालाचे दोष झाकतो. तू तर रंगवून लावलेस."

"सगळ्यांना दिसतंय तेच लिहिलंय," ती म्हणाली.

बरेच दिवस कुणी थांबलं नाही. मग एका रविवारी एक जुनी खटारा गाडी आत वळली. सुबोटित्सा शहरातल्या इस्पितळातली एक नर्स, तिची सासू आणि दोन मुलं. मुलं तर गाडी नीट थांबायच्या आत बागेत पळाली. नर्सने विचारलं, आम्ही स्वतः तोडू का? तेझा साफ नाही म्हणाली. फांदी ओरबाडली की पुढच्या वर्षीचा डोळा जातो, आणि शहरातल्या माणसाला ते कळत नाही. पण ती सासू काही न विचारता एका झाडाखाली उभी राहिली होती, बुंध्याला तळहात टेकवून. तिचाही सलाश होता कधीकाळी. मोठी शेतं करायची म्हणून सरकारने पाडला तेव्हा ती शहरात चौथ्या मजल्यावर गेली, आणि तेव्हापासून झाडाला हात लावला नव्हता. हे तिने तेझाला सांगितलं, रडत वगैरे नाही, सहज. तेझाने ऐकून घेतलं. मग मुलांना हाक मारली, आणि फळ ओढायचं नाही, तळव्यात धरून वर उचलायचं आणि जरासं फिरवायचं, हे दाखवलं. मोठ्या मुलाने तरीही एक फांदी मोडली. तेझा त्याला बागेतल्या कुणालाही ओरडते तशी ओरडली. तो गोरामोरा झाला आणि नंतर दिवसभर तिच्या मागेमागे फिरला.

पुढच्या रविवारी त्या नर्सने आपला अख्खा वॉर्ड आणला. ज्यांना सुट्टी होती ते सगळे. थंडी सुरू व्हायच्या आत गारांची सफरचंदं संपली, तळघरात पेंढ्यावर पसरलेलीसुद्धा.

तिथून पुढे प्रत्येक हंगामाने काहीतरी भर घातली. तेझाने ठरवून काही केलं असं मला वाटत नाही. लोक मागत गेले आणि ती आधी नाही म्हणत गेली. चेरीच्या वेळी येऊ का? नाही. मग या. पोरांना पेंढ्याच्या गंजीवरून घसरू द्याल का? नाही, पेंढा जनावरांचा आहे. मग दुसरी गंज रचली, फक्त घसरायची. जेवायला काही मिळेल का म्हणून कुणीतरी विचारलं तेव्हा तिने मला बोलावलं. मी फान्के तळले, आमचे फुगीर गोड वडे, जर्दाळूच्या मुरंब्याबरोबर. परातीमागून परात रिकामी होत गेली, आणि संध्याकाळी माझ्या अंगाला असा तेलाचा वास येत होता की स्टिपान म्हणाला, आज गादी बाहेर टाक.

आता हे व्हिंकोच्या कानावर जाणारच होतं. तेझाची बाग लहान, तिच्या मालावाचून त्याचं काही अडत नव्हतं. अडत होतं ते वेगळंच. रांगेतल्या लोकांनी भाव कमी आहे म्हटलं की पूर्वी तो म्हणायचा, मग दुसरीकडे न्या. आता हे वाक्य त्याला म्हणता येईना, कारण कुणीतरी पटकन तेझाचं नाव घ्यायचं.

त्या हिवाळ्यात आल्बे वाइनची बाटली घेऊन बहिणीकडे आला. मी तिथेच बसून मक्याची कणसं सोलत होते. त्याने इकडचं तिकडचं खूप बोलून घेतलं आणि मग सांगितलं की व्हिंको त्याचा रस्त्याकडचा तुकडा घेतोय.

तेझाचे हात थांबले. "त्यातून माझी वाट जाते."

"वाट माझ्या हद्दीत आहे."

"बाबांनी ती दोघांसाठी ठेवली होती."

"बाबा तसं बोलले असतील. लिहून नाही ठेवलं." मग त्याने आवाज मऊ केला. "ताई, तू पण मोकळी हो. शहरात फ्लॅट घे. नवरा तिकडे, पोरगी शिकायला गेली. कोणासाठी करतेस हे?"

"माझ्यासाठी. एवढं कारण पुरत नाही तुला?"

"लोक हसतात. गंजीवरून पोरं घसरतात आणि बायका तोंडाला साखर फासून फिरतात. ह्याला काय शेती म्हणतात?"

"आणि विकून टाकायला काय म्हणतात?"

आल्बेने बाटली टेबलावर तशीच सोडली आणि गेला. तेझाने ती उघडली, मला एक पेला भरला, स्वतःला एक. आम्ही कणसं सोलत राहिलो. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण दाणे पूर्वीच्याच वेगाने टोपलीत पडत होते.

चेरी पिकल्या त्या शनिवारी वाटेच्या तोंडाशी दोन लोखंडी खांब उभे होते, मधे साखळी आणि साखळीला कुलूप. व्हिंकोचा राखणदार खुर्ची टाकून बसला होता. येणारी गाडी थांबायची, तो हात हलवायचा, गाडी तळ्याकडे निघून जायची. तेझाला हे कळलं तेव्हा निम्मी सकाळ संपली होती. आपल्याकडे आज कुणीच का येत नाही, याचा विचार करत ती चेरीच्या टोपल्यांपाशी उभी होती.

साखळीपाशी जाऊन आली, आणि मग शेतातून सरळ माझ्याकडे. मला वाटलं बसेल, रडेल. ती उंबऱ्यातूनच बोलली.

"गिझे, तुझ्या रानातून ट्रॉली जाईल का?"

माझं रान म्हणजे वाळूच्या टेकाडावरचं काट्यांचं जंगल. आईकडून मला आलेलं. मधमाश्यांचे पेटारे ठेवायला आणि कुंपणाला खुंट तोडायला ठीक, बाकी कशाला उपयोग नाही. त्याची एक कड तेझाच्या बागेच्या मागे येते, दुसरी मोठ्या रस्त्याला, बंद पडलेल्या रेल्वे थांब्याशी. तिथे गवताचं सपाट मैदान आहे. ट्रॉली जाईल का ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, जाईल.

स्टिपान आतून सगळं ऐकत होता. तेझा गेल्यावर म्हणाला, "आपली सफरचंदं कुठे घालायची, तेवढं सांग. व्हिंकोने नाही घेतली तर?"

"ते सफरचंदांच्या वेळी बघू. रान माझ्या आईचं आहे. त्यातून कोण जाईल ते मी ठरवीन."

दिवसभर तो माझ्याशी बोलला नाही. संध्याकाळी बघते तर करवत घेऊन रानात, वाटेवर आलेल्या काट्यांच्या फांद्या कापतोय. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "पोरांच्या डोळ्यांत जातील."

वकिलाकडे तेझा गेली होती. तो म्हणाला वाटेचा हक्क मिळेल, पण वर्षं जातील. ती म्हणाली, "दावा लावा. पण मी त्याच्यासाठी शनिवार थांबवून ठेवणार नाही." जुना फलक तिने रातोरात नाही, भर दिवसा, राखणदाराच्या समोरून उपटून नेला आणि रेल्वे थांब्याशी नव्याने रोवला. खाली एक ओळ वाढवली: गाडी इथे ठेवा, पुढचं आम्ही नेतो.

ट्रॉलीत पेंढ्याचे गठ्ठे, वर गोधड्या. पहिली खेप निघाली ती अर्ध्या रानात वाळूत रुतली. चाक फिरेल तसं आणखी आत जायला लागलं. शेवटी सगळ्यांना उतरावं लागलं. शहरी बायका सॅंडल हातात घेऊन वाळूत उभ्या, पुरुष शर्टाच्या बाह्या वर करून ढकलतायत, पोरं आनंदाने किंचाळतायत, आणि तेझा पुढे ट्रॅक्टरवर ओठ आवळून बसलेली. एकदाची ट्रॉली निघाली. संध्याकाळी ती मला म्हणाली, "संपलं, गिझे. ही माणसं परत येत नाहीत."

पुढच्या शनिवारी मैदान गाड्यांनी भरलं. त्यातला एक जण, सूटबूटवाला, बँकेतला होता म्हणे, ट्रॉलीत चढता चढता तेझाला विचारत होता, "आज रुतणार ना?"

मला वाटतं त्या दिवसापासून तेझाला कळलं की तिच्याकडे नुसती फळं नाहीत. पण ती हे कबूल करायची नाही. रुतायची जागा तिने फळ्या टाकून पक्की केली, कारण ट्रॅक्टरचा क्लच जळत होता. लोक हिरमुसले. तेव्हा तिने फळ्या तिथून काढल्या नाहीत, पण बाजूने एक दुसरी चाकोरी ठेवली, मऊ वाळूची, आणि मुलांनी फारच आरडाओरडा केला की तिकडून न्यायची.

शरद ऋतूत टेबलं आली. लोक इतक्या लांब वाळू तुडवत येतात तर नुसती सफरचंदं घेऊन का जातील? तेझाने बागेच्या मधल्या मोकळ्या जागेत शेजारणींना बोलावलं. माझे फान्के, एटेलचं मेंढीच्या दुधाचं चीज, कुणाचा मध, कुणाची लाल मिरची, कुणाची पेंढ्याच्या काड्यांची चित्रं. एटेल हंगेरियन, तिला आमची भाषा अर्धीमुर्धी यायची, पण भाव सांगताना तिची एक चूक व्हायची नाही. शनिवारचा बाजार भरायला लागला. शहरातून माणसं पिशव्या घेऊन यायची, दिवसभर राहायची, मोठ्या कढईतला पापरिकाश, म्हणजे लाल मिरचीतला कोंबडीचा रस्सा खायची, झाडाखाली झोपायची.

व्हिंकोने निरोप पाठवला, आणि तो प्रत्येक घरी पोचला. ज्याचं टेबल तेझाच्या मळ्यात, त्याची सफरचंदं शीतगृहात घेतली जाणार नाहीत.

त्या आठवड्यात घराघरांतून भांडणं झाली. आमच्याकडेही झालं. शुक्रवारी आम्ही बायका एटेलच्या घरी जमलो. काहींनी मान खाली घातली होती. तेझा म्हणाली, "मी कुणाला थांबा म्हणणार नाही. तुमच्या बागा माझ्यापेक्षा मोठ्या आहेत, तुमचं नुकसानही मोठं होईल."  तेव्हा एटेल तिच्या मोडक्या बोलीत म्हणाली, "टेबल माझं. सफरचंद नवऱ्याचं. नवरा मेलेला. व्हिंको त्याला जाऊन विचारू दे."

हसणं थांबेना. दुसऱ्या दिवशी गावात हेच चालू झालं. व्हिंकोच्या माणसाने विचारलं की बायका सांगायच्या, टेबल माझं आहे, फळं त्यांची, तुम्ही त्यांच्याशी बोला. नवरे सांगायचे, ती ऐकते का माझं? स्टिपानने तर शीतगृहाच्या फाटकावर उभं राहून हे इतकं गंभीरपणे सांगितलं की मला नंतर त्याचा अभिमान वाटला. पण त्याचा माल परत आला. पूर्ण ट्रॉली.

खोटं कशाला सांगू, तो हंगाम वाईट गेला. कोठारात सफरचंदांचे ढीग आणि बाहेर पाऊस. बायकांपैकी दोघींनी आपली टेबलं उचलून नेली. तेझाने त्यांना बोल लावला नाही, आणि त्यांच्या जागाही दुसऱ्या कुणाला दिल्या नाहीत. बाजार भरायचा तेव्हा रांगेत त्या दोन जागा रिकाम्या दिसायच्या. आमचा माल खपावा म्हणून तिने त्या वर्षी स्वतःची फळं मागे ठेवली. आलेल्या प्रत्येकाला सांगायची, माझी तोडून झाली, आता स्टिपानच्या बागेत चला. आणि ट्रॉली आमच्या बागेकडे वळवायची. लोकांना काय, झाड हवं आणि शिडी हवी. नाताळपर्यंत आमचं कोठार रिकामं झालं. तिची बरीच सफरचंदं तळघरात सुरकुतली. त्यांची तिने वाळवून कापं केली, आणि हिवाळाभर जो येईल त्याच्या खिशात कोंबली.

वसंतात त्या दोघी परत आल्या. आपापल्या जागी टेबलं मांडून बसल्या, जणू गेल्या आठवड्यातच होत्या. त्यानंतर व्हिंकोने धमकीचं नाव काढलं नाही. तो काही बुडाला नाही. अजून त्याचं शीतगृह चालतं, अजून त्याची गाडी आमच्यापेक्षा मोठी आहे. पण आता माल घ्यायला त्याचा माणूस घरी येतो, आणि भाव आधी सांगतो. वाटेचा दावा तेझा जिंकली तोवर तिला त्या वाटेची गरज राहिली नव्हती. निकाल लागल्यावर तिने एकदाच, मला बरोबर घेऊन, त्या वाटेने चालत जाऊन दाखवलं. राखणदाराला 'बरं आहे ना?' विचारलं आणि परत आलो.

आल्बेचं असं झालं की व्हिंकोने त्याला शीतगृहात मुकादमाची जागा देईन म्हणून सांगितलं होतं. दिलीही, आणि एका हंगामानंतर काढून घेतली. शहरात त्याचं काही जमेना. एका दुपारी तो रानाच्या वाटेने पायी आला. आम्ही भोपळे रचत होतो.  तेझाने एकदा बघितलं आणि काम चालू ठेवलं.

"ताई, काही काम असेल तर बघ," तो म्हणाला.

"ट्रॅक्टर चालवता येतो अजून?"

"येतो."

"शनिवार-रविवार ट्रॉली चालव. सगळ्यांना मिळते तीच मजुरी. वाळूत कुठे रुततं ते गिझा दाखवेल."

तो घराच्या दाराकडे वळला तेव्हा ती त्याच्याकडे न बघताच म्हणाली, "जेवण बाहेरच्या टेबलावर. सगळ्यांबरोबर."

मी नंतर विचारलं, माफ केलंस का त्याला? ती म्हणाली, "नाही. मला ड्रायव्हर हवा होता."

आल्बे चांगला ड्रायव्हर निघाला. सतत कुरकुरायचा, आणि पोरांना तेच आवडायचं. पोरं त्याला मुद्दाम छेडायची, "आजोबा, जोरात!" तो म्हणायचा, "आजोबा असेल तुझा बाप," आणि मऊ वाळूत घालायचा. बहिणीच्या घरात तो पुन्हा कधी गेला ते मी पाहिलं नाही. एका नाताळला शुभेच्छा द्यायला गेले तर तो तिच्या स्वयंपाकघरात खसखस घातलेल्या शेवया खात बसला होता. कुणीच त्याबद्दल काही बोललं नाही, म्हणून मीही नाही.

नेवेंका पर्यटनाचं शिकून परत आली आणि मळा दुप्पट झाला. डबकं होतं त्याचं तळं झालं, त्यात होड्या आल्या. मक्यात भूलभुलैया, लाकडी किल्ला, गाढवं, मुलांचे वाढदिवस, शाळांच्या सहली. आता जुनी वाटही उघडी आहे, तरी लोक रेल्वे थांब्यालाच गाड्या लावतात. बाजाराला पक्कं छप्पर आहे. नेवेंका हुशार आहे, आईसारखीच हट्टी आहे, आणि त्यामुळे दोघींचं रोज वाजायचं. सर्वांत मोठं भांडण सोमवारवरून. तेझाने सोमवारी मळा बंद ठेवायचा असं ठरवलं. नेवेंका म्हणायची, सोमवारीही लोक येतात, फाटकावरून परत जातात. तेझा म्हणायची, जाऊ दे.

"आई, कोणत्या जगात राहतेस? गिऱ्हाईक दारात आहे."

"झाडंही दारातच आहेत. त्यांना कोण बघणार?"

मग गेल्या वर्षी हिवाळा सरताना नगरपालिकेने परदेशी पाहुण्यांचं एक मंडळ आणायचं ठरवलं. टीव्हीवाले बरोबर. तारीख पडली ती सोमवारी. नेवेंकाने हो म्हणून टाकलं आणि आईला सांगितलं नाही. तिला वाटलं, पाहुणे दारात उभे राहिले की आई काय करणार?

त्या सकाळी तेझा शिडीवर होती, छाटणीची कात्री हातात. मी खाली पडलेल्या डहाळ्या गोळा करत होते. फाटकाबाहेर बस थांबल्याचा आवाज आला. मग नगरपालिकेचा एक तरुण अधिकारी झाडांमधून लगबगीने आला, चकचकीत बुटांत वाळू भरलेली, आणि त्याच्या मागून नेवेंका. पाहुणे आले आहेत म्हणाला. तेझाने वरूनच विचारलं की कोणते पाहुणे. त्याने नेवेंकाकडे पाहिलं. नेवेंकाची मान खाली.

तेझाला सगळं तिथेच कळलं. ती खाली उतरली नाही.

"आज बंद आहे," ती म्हणाली. "उद्या या. फान्केही मिळतील."

तो म्हणाला, बाई, ही फार लांबून आलेली माणसं आहेत, फक्त एक तास, झाडांचं एका तासात काय बिघडतं?

"कळ्या फुगायला लागल्यात. आता नाही छाटलं तर वर्षभर बिघडतं. मी शेतकरीण आहे, साहेब. सहा दिवस तुमच्यासाठी दार उघडं असतं. हा दिवस माझा आहे."

तो नेवेंकाकडे वळला आणि म्हणाला, तुम्ही तरी आईला सांगा, तुम्ही शब्द दिला होता. नेवेंकाने आईच्या पायांकडे बघितलं, शिडीच्या वरच्या पायरीवरच्या चिखलाने भरलेल्या बुटांकडे. मग म्हणाली, "मी चुकून हो म्हटलं. सोमवारी आमचं बंद असतं." आणि झाडाला टेकवलेली दुसरी कात्री उचलून शेजारच्या ओळीत गेली.

बस निघून गेली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. संध्याकाळच्या बातम्यांत तीच माणसं दुसऱ्या कुठल्यातरी मळ्यात दाखवली, रंगीत पोशाखातल्या मुली त्यांना मध चाखवत होत्या. आम्ही तिघी बघत होतो. नेवेंकाला वाईट वाटत होतं हे दिसत होतं. तेझाने टीव्हीचा आवाज बंद केला, पडद्याजवळ गेली आणि पाहुण्यांच्या मागची झाडं डोळे बारीक करून बघितली.

"छाटणी केव्हाची राहिलीय यांची," म्हणाली, आणि झोपायला गेली.